लायसन हातात आलं, आता गाडी कुणाची?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात छोटा ट्रकमालक 'ड्रायव्हर पाहिजे' अशी जाहिरात सहसा देत नाही. त्याला गरजच पडत नाही. त्याची सीट रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत गॅरेजच्या मिस्त्रीला, टायरवाल्याला आणि वजनकाट्यावरच्या पोराला ते कळलेलं असतं, आणि सकाळी दुसरा कुणीतरी स्टिअरिंगवर बसलेला दिसतो. त्यामुळे मालकांची दारं ठोठावत फिरण्यात नव्या माणसाचा वेळ जातो आणि पदरात फार पडत नाही. कुठला ड्रायव्हर कधी गावी जाणार, कोण उसाच्या वाहतुकीवर निघालाय, कुणाचं मालकाशी वाजलंय, हे ज्या जागी आधी कळतं तिथे दिसत राहिलं तर काम मिळतं. या लाईनीत आलेल्या बहुतेकांची सुरुवात बदली ड्रायव्हर म्हणूनच झालेली असते.

बाहेर पडण्याआधी आपलं लायसन नीट वाचून घ्यावं. त्यावर दोन मुदती असतात, एक नॉन-ट्रान्सपोर्टची (खासगी गाडीची) आणि एक ट्रान्सपोर्टची (धंद्याच्या गाडीची). पहिली बरीच लांबची असते आणि नजर तिच्यावरच जाते. ट्रान्सपोर्टची मुदत मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 वर्षांची झाली, आधी ती 3 वर्षांची होती. ती संपल्यावर ट्रक चालवला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून मुरलेला मालक लायसन हातात घेतल्यावर फोटो बघत नाही, तारीख बघतो. हल्ली तो लायसन नंबर आणि जन्मतारीख घालून सरकारच्या सारथी पोर्टलवरही तपासतो. जुन्या पुस्तकी लायसनची नोंद ऑनलाईन झालेली नसेल तर तिथे काहीच दिसत नाही. ज्या आरटीओने लायसन दिलं तिथे जाऊन ती नोंद आधी करून घ्या. आरटीओंचे नंबर असे: बेळगाव केए-22, चिकोडी केए-23, बैलहोंगल केए-24, गोकाक केए-49. चंदगड-गडहिंग्लजकडच्या पोराचं लायसन कोल्हापूरचं, एमएच-09 चं असलं तरी बेळगावात चालतं. लायसनला राज्याची हद्द नसते. हद्द असते ती गाडीच्या परमिटला, त्याबद्दल पुढे.

वर्गाचा घोळ अजूनही बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. 2024 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर 7,500 किलोपर्यंत एकूण (गाडी अधिक माल) वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती (टाटा एस), पिकअप, टाटा 407 हे साध्या लायसनवर चालतं. धोकादायक मालाची गाडी यात धरू नये, तिचं प्रशिक्षण आणि नोंद वेगळी असते. त्या वजनावरच्या सहा चाकी, दहा चाकीसाठी मात्र ट्रान्सपोर्ट वर्ग हवाच. त्याला वय 20 पूर्ण आणि एलएमव्ही लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं. आठवी पासची अट 2019 मध्येच गेली. तरी काही एजंट अजून तीच सांगून पोरांकडून पैसे काढतात.

कागदांची एक पिशवी तयार ठेवायची: लायसन आणि आधारच्या झेरॉक्स, फोटो, बँक पासबुक, आणि कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून काढलेला पोलिस पडताळणीचा दाखला. छोट्या मालकाला हा दाखला लागत नाही, कारखान्याला आणि कुरिअरच्या गोदामाला लागतो. मूळ लायसन कुणाकडेही ठेवायला देऊ नये. 'राहू दे माझ्याकडे, काम सोडताना घेऊन जा' असं म्हणणारा मालक भेटतोच. त्याला नम्रपणे झेरॉक्स द्यायची आणि गाडी चालवताना लायसन जवळ लागतं म्हणून सांगायचं. तरी हट्टाला पेटला तर तिथलं काम घेऊ नये.

आता जायचं कुठे? बेळगावच्या ऑटोनगरच्या गॅरेजांपासून सुरुवात करावी. क्लच प्लेट कुणाची वारंवार जळते, कुणाची गाडी ड्रायव्हरविना उभी आहे, हे मिस्त्रीइतकं कुणाला माहीत नसतं, आणि त्याने 'पोरगा बरा आहे' म्हटलं की मालक अर्धा तयार असतो. त्याच्या गॅरेजात गाड्या मागेपुढे करायला, ट्रायलला जायला हात लावत राहिलं तर तो तुमचं चालवणं प्रत्यक्ष बघतो, ही शिफारस कुठल्याही कागदापेक्षा वजनदार ठरते. दुसरी जागा एपीएमसी यार्ड, भल्या पहाटे. आजूबाजूच्या गावांतून भाजी घेऊन पिकअप येतात, त्यातले निम्मे शेतकऱ्याच्या किंवा गावच्या माणसाच्या मालकीचे, आणि एखादा चालक आला नाही तर तिथल्या तिथे माणूस शोधला जातो. उद्यमबाग आणि मच्छेच्या औद्योगिक भागात सकाळी गेटपाशी उभं राहून काही होत नाही, तिथे गाड्या लावणाऱ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जावं लागतं. रविवार पेठेत किराण्याच्या घाऊक दुकानांचा माल पोचवणारे टेम्पो असतात. काम रोजचं आणि शहरातलं, पण गल्ल्या अरुंद आणि मागे घेणं दिवसभर. ज्याला रिव्हर्स शिकायचाय त्याने तिथेच शिकावं. खानापूरकडे कौलं, विटा आणि लाकूड, निपाणीला तंबाखू, शिवाय कागलच्या एमआयडीसीची वाहतूक.

वेळ साधणं हा यातला मोठा भाग. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस, गावोगावच्या जत्रा, भाताची रोप लावण, दिवाळी या दिवसांत ड्रायव्हर सुट्ट्या घेतात आणि नेमका तेव्हाच माल जास्त असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने पेटले की चांगले ड्रायव्हर ऊस वाहतुकीवर उचल घेऊन निघून जातात आणि शहरातल्या सीटा मोकळ्या होतात. नव्या माणसाने ऊस ओढायला धावण्यापेक्षा या मोकळ्या झालेल्या सीटा धराव्यात. ऊस वाहतुकीत गाडी लांबी-उंचीच्या बाहेर भरलेली असते, कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास, कधी रात्रभर बसावं लागतं, आणि उचल फिटेपर्यंत सोडता येत नाही. पहिल्याच हंगामात कर्ज आणि काम एकाच माणसाच्या हातात देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मालक ट्रायल घेतो ती आरटीओच्या ट्रॅकसारखी नसते. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रिकामी आणि बहुधा जुनी असते, त्यावर शिकलेल्याला भरलेल्या गाडीचा अंदाज नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो तीन गोष्टी बघतो. चढावर उभी केलेली गाडी तुम्ही कशी काढता: हाफ क्लचवर तोलून धरलीत की हँडब्रेक लावून, क्लचने पकड घेतल्यावर सोडलात. हाफ क्लचवर धरणाऱ्याला तो परत बोलावत नाही, कारण प्लेटचा खर्च त्याचा असतो आणि गाडी उभी राहिल्याचं भाडंही त्याचंच बुडतं. दुसरं, गोदामाच्या दारात गाडी मागे लावणं. इथे घाई करणारा नापास, खाली उतरून एकदा मागे बघून येणारा पास. तिसरं, गाडी सुरू केल्यावर तुम्ही ब्रेकची एअर (हवा) भरू देता का. गेजवर प्रेशर पुरेसं येऊन बझर थांबल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि बझर वाजत असताना पहिला गिअर टाकणाऱ्या माणसाला नवी गाडी कुणी देत नाही. चौदा फुटी, सतरा फुटी, एकोणीस फुटी अशा बॉडीच्या लांबीवर इथे गाड्या ओळखल्या जातात. जी कधी हाताळली नाही तिच्याबद्दल 'चालवलीय' म्हणू नये, पहिल्या वळणावर मागचं चाक दुभाजकावर चढलं की ते उघडं पडतं.

गोदामावर हमाल कानडी बोलणारे असले तर मागे घेताना 'हिंदक', पुढे 'मुंदक', डावीकडे 'एडक', उजवीकडे 'बलक' हे कान सरावलेले असावेत. थांब म्हणायला सगळीकडे बॉडीवर थापच असते. क्लीनर नसलेल्या छोट्या गाडीवर मागे कोण उभा आहे ते हमालाच्या आवाजावरूनच कळतं.

नव्या माणसाला सगळ्यात पटकन मिळतं ते टिप्परचं काम: खडी, एम-सँड (दगड दळून केलेली वाळू), माती, विटा. मिळतं लवकर, कारण तिथे माणसं टिकत नाहीत. पैसे खेपेवर असतात, त्यामुळे घाई होते, आणि घाईत तीन प्रकारे माती होते. पहिला प्रकार ओव्हरलोड. गाडीच्या आरसीवर (नोंदणी पत्रावर) एकूण वजन आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यांतला फरक म्हणजे तुमचं पासिंग. सहा चाकीचं एकूण वजन 2018 पासून 18.5 टन आणि दहा चाकीचं 28.5 टन धरलं जातं, पण जुन्या गाडीच्या आरसीवर वजन वाढवून घेतलंय का ते बघावं लागतं. सहा चाकी टिप्परमध्ये साधारण 11 टन माल बसतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि खडीचा ब्रास सव्वाचार टनांच्या आसपास भरतो. म्हणजे अडीच ब्रासला गाडी पूर्ण झाली. तीन ब्रास भरा म्हणणारा माणूस तुम्हाला पावणेदोन टन जादा घेऊन पाठवतोय. एम-सँड ओली असेल तर त्याहून जड. विटांचा हिशोब सोपा, एक वीट 3 ते साडेतीन किलो, तीन हजार विटा म्हणजे 9 ते साडेदहा टन. केंद्राच्या कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2,000 असा दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. 'दंड मालक भरतो' हे बोलणं ठरवून घ्यायचं, आणि शक्यतो साक्षीला कुणीतरी असताना.

दुसरा प्रकार खनिजाचा परवाना. खडी, वाळू, एम-सँड, मुरूम यांच्या प्रत्येक खेपेसोबत खाण खात्याच्या परवान्याची पावती हवी, आणि तिच्यावरचा गाडी नंबर, तारीख, वेळ जुळली पाहिजे. सकाळच्या एका पावतीवर दिवसभर खेपा मारायला लावणारे आहेत. गाडी धरली की मालक फोनवर असतो, ड्रायव्हर पोलिस स्टेशनात. पावती हातात आल्याशिवाय क्रशरच्या गेटबाहेर गाडी काढू नका.

तिसरा, आणि जिवावर बेतणारा, बॉडी उचलताना गाडी कलंडणं. भरावाची जमीन एका बाजूला मऊ असते, बॉडी वर गेली की सगळं वजन उंचावर जातं आणि चाक एका बाजूने रुतलं की गाडी पडते. ओली एम-सँड बॉडीच्या पुढच्या भागाला चिकटून राहते, मागचा माल पडून जातो, वरचं वजन तसंच लटकतं. अशा वेळी बॉडी वरच ठेवून गाडीला झटका द्यायची सवय जुन्यांना असते, ती उचलू नका. खाली घ्यायची, फावड्याने सोडवायची, परत उचलायची. आधी मागचा फाळका उघडलाय ना, वर विजेच्या तारा नाहीत ना, हे बघायचं. आणि बॉडी पूर्ण खाली बसून पीटीओ (बॉडी उचलणाऱ्या पंपाला इंजिनाची ताकद देणारा जोड) सुटल्याशिवाय निघायचं नाही.

उद्यमबागेतलं कास्टिंगचं (ओतीव धातूच्या नगांचं) काम मला पहिल्या नोकरीसाठी जास्त चांगलं वाटतं. अंतर कमी, माल मोजका, वजन काट्यावर ठरलेलं. त्यातली मेख वेगळी आहे. कास्टिंग आकाराने लहान आणि वजनाने भारी असतं, गाडी रिकामी दिसते आणि पासिंग भरलेलं असतं. सगळं मागच्या फाळक्याजवळ रचलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं, सगळं केबिनला टेकवलं तर पुढच्या एक्सलवर ताण. वजन मागच्या एक्सलच्या थोडं पुढे यावं, आणि लाकडी पाचरी, साखळी किंवा बेल्ट लावल्याशिवाय हलू नये. ब्रेक दाबल्यावर 200 किलोचा नग पुढे सरकला तर केबिनचा पत्रा त्याला अडवत नाही.

याच कामात सीमा आडवी येते. बेळगावातलं कास्टिंग मशिनिंगला शिनोळीला जातं, शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. रस्ता वेंगुर्ल्याचा, अंतर किरकोळ, पण कागदाच्या दृष्टीने हा आंतरराज्य प्रवास. एकूण वजन 3,000 किलोच्या वर असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागतं, आणि फक्त कर्नाटकाचं परमिट असलेली गाडी शिनोळीत शिरली की ती विनापरमिट ठरते. नॅशनल परमिट किंवा महाराष्ट्राची मान्यता आहे का, हे मालकाला विचारायचं नाही, कागद स्वतः बघायचा. नॅशनल परमिटवालाही महाराष्ट्रात माल भरून महाराष्ट्रातच उतरवू शकत नाही, त्यामुळे 'शिनोळीहून हलकर्णीला एवढं टाकून ये' ही मधली खेप कर्नाटकाच्या गाडीने करायची नाही.

तशीच गोष्ट ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाची. साधारण नियम 50,000 रुपयांच्या वरच्या मालाला. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला पाठवलेल्या मालाला किमतीची मर्यादा नाही, चलनावरचा माल दहा हजारांचा असला तरी ई-वे बिल हवं. बिलाचा दुसरा भाग म्हणजे गाडी नंबर. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवला तर नंबर बदलून घेतल्याशिवाय हलायचं नाही. मुदत 200 किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने. बिलावर लिहिलेले नग आणि गाडीतले नग भरताना स्वतः मोजावेत, कारण उतरवताना कमी निघालेल्या नगाचा जबाब ड्रायव्हरला द्यावा लागतो.

पगाराचं बोलणं 'बघू, कामावरून ठरवू' यावर सोडू नये. महिन्यावर की खेपेवर, भत्ता रोजचा किती, डिझेल मालक पंपावर खात्याने भरतो की तुम्ही रोखीने, हमाली आणि काट्याचे पैसे कोण देतं, पंक्चर कुणाचं, हत्तरगी, हिरेबागेवाडी, कोगनोळी, गणेबैल या नाक्यांवर फास्टॅगमध्ये पैसे नसले तर जादा टोल कुणाच्या खात्यात, गाडी दुरुस्तीला उभी राहिली तर त्या दिवसांचा पगार मिळणार का. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि भांडणं त्यावरूनच होतात. बदलीवर असाल तर पैसे त्याच संध्याकाळी. एक छोटी वही ठेवावी: तारीख, कुठून कुठे, किलोमीटरचा आकडा, डिझेल, घेतलेले पैसे. छोटा मालक अनुभवाचा दाखला लिहून देत नाही, पण बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन नंबर लिहिलेला असतो. त्या बिल्ट्यांचे फोटो काढून ठेवले की पुढे कारखान्यात अनुभव दाखवायला तेच उपयोगी पडतात.

लोकल कामाचा एक त्रास नव्या गाड्यांनी आणला. 2020 च्या एप्रिलनंतरच्या बीएस-6 गाड्यांत सायलेन्सरमधला फिल्टर काजळी धरतो आणि लांब धावेत तापून ती जाळतो. दिवसभर पाच-दहा किलोमीटरच्या खेपा, मध्ये इंजिन चालू ठेवून उभं राहणं, यात तो तापतच नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की इंजिनाची ताकद कमी होते आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी लागते. दिवा दिसला की हायवेवर वंटमुरीपर्यंत एक सलग फेरी मारावी, किंवा गाडी उभी करून बटणाने काजळी जाळून घ्यावी. गाडी उभी करून हे करताना खाली वाळलेलं गवत, उसाचं पाचट, ताडपत्री काही नको, बाहेर पडणारी हवा आग लावण्याइतकी गरम असते. मधेच इंजिन बंद करू नये. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या (डीईएफच्या) टाकीत पाणी किंवा सुटं, उघडं द्रव घालू नये. साधारण 100 लिटर डिझेलला 4 ते 6 लिटर लागतं, याहून फार कमी लागत असेल तर कुठेतरी गडबड आहे.

गोव्याची भाजीची लाईन पहिल्या पावसाळ्यात घेऊ नये, पैसे कितीही दिसले तरी. गाडी संध्याकाळी भरते, पहाटे म्हापसा-पणजीच्या बाजारात पोचायची असते, आणि मध्ये अनमोड नाहीतर चोर्ला. पावसात चोर्ल्यावर जड गाड्यांना बंदीही येते, निघण्याआधी विचारून घ्यावं. त्याआधी हायवेवरच्या वंटमुरी आणि निपाणीजवळच्या तवंदी घाटात भरलेली गाडी उतरवण्याचा सराव करावा. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, गिअर घाटाच्या माथ्यावरच पाडायचा, कारण मध्यावर वेग वाढल्यावर तो पडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक चालू, न्यूट्रल कधीच नाही. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ड्रम तापतात आणि लायनर पकडेनासं होतं. दाबून वेग उतरवायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, पण उगाच टकटक केलं तर एअर संपतं, त्यामुळे नजर गेजवर. जळका वास आला तर वळण सोडून रुंद जागी थांबायचं, चाकाला ओट (अडसर) लावायची आणि ड्रम आपोआप गार होऊ द्यायचे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर तो तडकतो.